पायरुव्हेट डीहायड्रोजनेज: एकेक को-फॅक्टर काढून पाहताना (प्रकल्प नोंदी)

12 जुलै 2024

विषय पक्का झाला: पायरुव्हेट डीहायड्रोजनेज संकुल (ग्लुकोज तुटून झालेल्या पायरुव्हेटपासून ॲसिटिल को-ए बनवणारा एन्झाइमांचा समूह) आणि त्यातल्या को-फॅक्टरांची, म्हणजे एन्झाइमांना लागणाऱ्या मदतनीस रेणूंची, कामं. बीएस्सीपासून आम्ही हे पाच को-फॅक्टर पाठ करत आलोय. टीपीपी (थायामिन पायरोफॉस्फेट), लिपोइक ॲसिड, कोएन्झाइम ए (को-ए), एफएडी, एनएडी (हे शेवटचे दोघे इलेक्ट्रॉन वाहणारे). 'टेंडर लव्हिंग केअर फॉर नॅन्सी' म्हटलं की क्रम आठवतो. परीक्षेत पाच नावं, त्यांच्यासमोर जीवनसत्त्वं, आणि पाच गुण खिशात. (लिपोइक ॲसिडसमोर बरेच जण काहीतरी 'बी' लिहून येतात. ते आपल्यासाठी जीवनसत्त्व नाहीच, पेशी स्वतः बनवते.)

मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "यातला एकेक काढून घेतला तर दर वेळी सारखंच होईल का?" माझी जोडीदार म्हणाली, "हो मॅडम, रिॲक्शन बंद पडेल." मॅडम म्हणाल्या, "मग करून बघा."

15 जुलै

दिवसभर वाचन. संकुलात तीन एन्झाइमं. ई1 पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढतं, त्याला टीपीपी आणि मॅग्नेशियम लागतं. ई2 उरलेला दोन कार्बनांचा तुकडा लिपोइल गटावर घेऊन कोएन्झाइम ए च्या हवाली करतं. ई3 त्या लिपोइल गटाला एफएडी आणि एनएडीच्या मदतीने पुन्हा कामाजोगं करतं. शेवटी हाती येतात ॲसिटिल को-ए, कार्बन डायऑक्साइड आणि एनएडीएच (इलेक्ट्रॉन घेतलेलं एनएडी). प्रमाण स्थितीत मुक्त ऊर्जेतली घट मोलमागे साधारण 33 किलोज्यूल, म्हणजे शरीरात हा रस्ता एकेरी. प्राण्यांना चरबीच्या नेहमीच्या सम-कार्बनी आम्लांपासून निव्वळ ग्लुकोज बनवता येत नाही, त्याचं मूळ इथेच आहे.

आकाराचा अंदाज पाठ्यपुस्तकातल्या चौकोनांवरून येत नाही. सस्तन प्राण्यांमधलं संकुल सुमारे 95 लाख डाल्टनचं (डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन), म्हणजे रायबोसोमपेक्षाही मोठं. गाभ्यात 60 साखळ्या, बहुतेक ई2 च्या आणि काही ई3 ला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या. ई. कोलायमध्ये गाभा 24 ई2 साखळ्यांचा, त्यावर 24 ई1 च्या आणि 12 ई3 च्या. हा अवाढव्य आकार आमच्या फायद्याचा ठरणार आहे, कारण शुद्ध एन्झाइम विकत आणण्याएवढं बजेट नाही. बोकडाच्या हृदयातून काढायचं ठरलं.

22 जुलै

सकाळी मटणाच्या दुकानातून ताजं 'दिल' आणलं, थर्मासमध्ये बर्फ घालून. दुकानदाराने "कशाला पाहिजे?" विचारलं. प्रयोगाला म्हटल्यावर चरबी साफ करून दिली आणि वर दोन फुकट दिले.

पद्धत अशी: बारीक तुकडे, थंड फॉस्फेट बफर, ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं), ट्रायटन एक्स-100 (पेशींची आवरणं विरघळवणारं), मिक्सर (लॅबचा, घरचा नव्हे), मग सेंट्रिफ्यूज. पीएमएसएफ (प्रोटिएजना, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना, रोखणारं) आयत्या वेळी घातलं, कारण पाण्यात ते लवकर निकामी होतं. ते का हवं, हे ई2 ची रचना वाचल्यावर कळतं. ई2 साखळीत लिपोइल डोमेन आणि गाभा यांच्यामध्ये ॲलानिन-प्रोलिनने भरलेले लांब, मोकळे दुवे आहेत. डोमेनला फिरता यावं म्हणून ते सैल आहेत, आणि सैल आहेत म्हणून प्रोटिएज त्यांच्यावर पहिल्यांदा तुटून पडतात. दुवे तुटले तर तिन्ही एन्झाइमं तपासणीत जिवंत दिसतील, पण मिळून काम करणार नाहीत.

अर्क लालसर, फेसाळ. कोल्ड सेंट्रिफ्यूज शेजारच्या विभागाचं आहे. लॅबच्या काकांनी मध्यस्थी केली म्हणून मिळालं.

24 जुलै

कच्च्या अर्कावर पहिली चाचणी. तत्त्व सोपं: एनएडीएच 340 नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, एनएडी शोषत नाही. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) ओडी (शोषलेल्या प्रकाशाचं माप) 0.062 ने वाढली की समजायचं सुमारे 10 मायक्रोमोलर एनएडीएच तयार झालं.

क्युव्हेटमध्ये सगळं घातलं: बफर, मॅग्नेशियम क्लोराइड, टीपीपी, एनएडी, को-ए, डीटीटी, अर्क. शेवटी पायरुव्हेट. रेघ जरा वर गेली आणि आडवी झाली.

एन्झाइम मेलं असं वाटायला जागा होती. पण मॅडमनी त्याच क्युव्हेटमध्ये थोडं तयार एनएडीएच टाकायला सांगितलं. ओडी एकदम वर गेली आणि डोळ्यांदेखत घसरत खाली आली. अर्कात लॅक्टेट डीहायड्रोजनेज भरपूर आहे. आमचं संकुल पायरुव्हेट वापरून एनएडीएच बनवतं, आणि ते दुसरं एन्झाइम तेच पायरुव्हेट आणि तेच एनएडीएच वापरून लॅक्टेट बनवतं. कच्च्या अर्कात ही मोजणी निरर्थक आहे.

29 जुलै

इथे आकार कामी आला. पॉलिएथिलिन ग्लायकॉल 6000 (पीईजी) थोड्या प्रमाणात घातलं की एवढं मोठं संकुल खाली बसतं. लॅक्टेट डीहायड्रोजनेज जेमतेम 1 लाख 40 हजार डाल्टनचं, ते वर पाण्यातच राहतं. पेलेट, म्हणजे खाली बसलेला गाळ, बफरमध्ये विरघळवला आणि तीच चाचणी लावली. रेघ सरळ वर. जोडीदाराने ग्राफचा फोटो काढून आधी घरच्या ग्रुपवर टाकला, मग मॅडमना.

वेग मात्र अपेक्षेपेक्षा कमी. कारण जनावराच्या पोटात असावं. कापण्याआधी बोकड बहुधा उपाशी ठेवतात, आणि उपाशीपोटी हृदयातलं हे संकुल मोठ्या प्रमाणात फॉस्फेट लावून बंद केलेलं असतं. पुढच्या खेपेला पीईजी घालण्याआधी अर्क मॅग्नेशियम आणि थोड्या कॅल्शियमसोबत कोमट ठेवायचा. अर्कातलंच फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम ते फॉस्फेट उतरवेल. ईडीटीए आधीच्या बफरमध्ये असल्याने मॅग्नेशियम हिशेबाने जास्त लागेल.

1 ऑगस्ट

नव्या खेपेत तसं केलं. वेग चांगलाच वाढला. पेलेटचे छोटे भाग करून गोठवले.

2 ऑगस्ट

आज मूळ प्रश्न. एकेक वस्तू वगळून मोजणी.

एनएडी नाही: रेघ आडवी. अपेक्षितच, एनएडीएच होणार कशाचं?

को-ए नाही: रेघ आडवी.

टीपीपी नाही: वेग कमी झाला, पण शून्य नाही.

एफएडी: आम्ही मुळात घातलंच नव्हतं. कुठल्याच क्युव्हेटमध्ये. तरी सगळं व्यवस्थित चाललं होतं. मुद्दाम घालून पाहिलं, काही फरक नाही.

लिपोइक ॲसिड: तेही कधीच घातलेलं नव्हतं. इथेनॉलमध्ये विरघळवून घातलं, काही फरक नाही.

म्हणजे यादीतले दोन जण बाहेरून घालावेच लागत नाहीत, दोघांशिवाय पानही हलत नाही, आणि एक अधलामधला. 'पाचही आवश्यक' हे वाक्य खोटं नाही, पण त्यात सांगण्यासारखं होतं ते सगळं गळून गेलं आहे. एफएडी आणि लिपोइल हे घरचे. प्रथिनासोबतच अर्कातून आले, पेलेटमध्ये बसले. एनएडी आणि को-ए हे येणारे-जाणारे. दर फेरीला नवा रेणू येतो, बदलून बाहेर पडतो. काटेकोरपणे बोलायचं तर ते दोघे सबस्ट्रेट, म्हणजे रिॲक्शनमध्ये बदलणारा कच्चा माल, आहेत. त्यांना को-फॅक्टर म्हणतो, कारण पेशीत दुसरी एन्झाइमं त्यांना पूर्ववत करतात आणि ते पुन्हा वापरात येतात.

3 ऑगस्ट

को-ए च्या आडव्या रेघेने रात्री झोप लागू दिली नाही. एनएडीचं काम ई3 वर, को-ए चं ई2 वर. को-ए नसेल तर ॲसिटिल को-ए होणार नाही हे ठीक. पण एनएडीएच का होऊ नये? इलेक्ट्रॉन तर लिपोइलवर पोचलेच आहेत ना?

कागदावर गंधकाचे अणू काढले तेव्हा सुटलं. लिपोइलच्या कड्यात दोन गंधक एकमेकांना जोडलेले असतात. ई1 वर टीपीपीला चिकटलेला दोन कार्बनांचा तुकडा तिथे येतो तेव्हा ते कडं उघडतं: एका गंधकावर ॲसिटिल बसतं, दुसऱ्यावर हायड्रोजन. ई3 ला कडं पुन्हा मिटवायचं असतं आणि त्यासाठी दोन्ही गंधक मोकळे हवेत. ॲसिटिल जागेवर असेपर्यंत कडं मिटू शकत नाही. ते उचलून न्यायला को-ए नाही, म्हणून इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात. सगळे लिपोइल असे भरले की ई1 लाही पुढचा तुकडा ठेवायला जागा उरत नाही. एका टोकाला को-ए कमी पडलं की दुसऱ्या टोकाचं एनएडी नुसतं बसून राहतं.

हे मला कुठल्याच नोट्समध्ये सापडलं नव्हतं. किंवा असेल आणि मी वाचलं नसेल.

7 ऑगस्ट

टीपीपीचा उरलेला वेग. पेलेट ईडीटीए असलेल्या बफरमध्ये रात्रभर डायलिसिसला (पातळ पडद्यातून लहान रेणू धुऊन काढायला) लावला होता. आज टीपीपी आणि मॅग्नेशियमशिवाय वेग जवळपास नाहीसा झाला. मग दोन्ही घातल्यावर परत आला, पण लगेच नाही. आधी थोडी वक्र रेघ, मग सरळ. फक्त टीपीपी घालून भागलं नाही, मॅग्नेशियमही हवं होतं. टीपीपीच्या दोन फॉस्फेटांना प्रथिनाशी बांधून ठेवणारा तो दुवा आहे. टीपीपी सहसंयुज बंधाने जोडलेला नाही, पण एनएडीसारखा दर फेरीला बाहेरही पडत नाही. जागेवर बसून काम करतो, आणि जोर लावला तर सुटतो.

त्याचं रसायन वाचताना मजा आली. सगळी करामत थायाझोलियम कड्यातल्या नायट्रोजन आणि गंधक यांच्या मधल्या कार्बनची. 1958 मध्ये रोनाल्ड ब्रेस्लोने दाखवलं की त्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटून तिथे ऋणभार तयार होऊ शकतो, आणि तो पायरुव्हेटच्या कार्बोनिल कार्बनवर हल्ला करतो. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड निघून जातो तेव्हा मागे राहिलेले इलेक्ट्रॉन कड्यातला धनभारित नायट्रोजन सामावून घेतो. टीपीपी नसता तर त्या इलेक्ट्रॉनांना जायला जागाच नव्हती. नुसतं पायरुव्हेट पाण्यात ठेवलं तर ते असं तुटत नाही, ते यामुळेच.

यीस्टमधलं पायरुव्हेट डीकार्बोक्झिलेज हेच टीपीपी वापरून इथपर्यंत अगदी हेच करतं. तिथे पुढे लिपोइल नाही, म्हणून तुकडा ॲसिटाल्डिहाइड होऊन सुटतो आणि त्याची दारू होते. को-फॅक्टर तोच. शेजारी कोण आहे यावर निकाल ठरतो.

जाता जाता: थायामिनची रचना शोधून 1936 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवणारे रॉबर्ट विल्यम्स, आणि 1933 मध्ये पँटोथेनिक ॲसिड शोधणारे रॉजर विल्यम्स हे सख्खे भाऊ. मिशनरी आईवडिलांच्या पोटी दोघेही भारतात जन्मले, एक नेल्लोरला, दुसरा उटीला. एकाच्या रेणूपासून टीपीपी होतं, दुसऱ्याच्या रेणूपासून को-ए.

14 ऑगस्ट

एफएडी खरंच आत आहे का, हे पाहायचं होतं. पेलेटचा थोडा भाग उकळला, साका काढून टाकला, वरचं पाणी यूव्ही दिव्याखाली धरलं. फिकट हिरवट-पिवळी चमक. ॲसिडमध्ये थोडा वेळ ठेवल्यावर चमक वाढली, कारण एफएडीत शेजारचं ॲडेनिन फ्लेविनची चमक दाबतं आणि तो जोड तुटला की ती मोकळी होते. पेलेटमध्ये इतर फ्लेविन-प्रथिनंही असणार. त्यामुळे ही चमक पूर्णपणे ई3 ची, असं अहवालात लिहिणार नाही.

ई3 स्वतंत्रपणे तपासायला उलटी रिॲक्शन लावली. लिपोॲमाइड (लिपोइक ॲसिडचं ॲमाइड रूप) आणि एनएडीएच द्यायचं, 340 ची रेघ खाली जाते का पाहायचं. सुरुवातीला गेली, मग मंदावली. मॅडमच्या सांगण्यावरून थोडं एनएडी घातलं आणि रेघ पुन्हा खाली धावू लागली. उत्पादित पदार्थ घातला आणि वेग वाढला, हे ऐकायला विचित्र आहे. पण एनएडीएच एकटंच असलं की ई3 मधल्या गंधक-जोडीत आणि एफएडीत गरजेपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन भरतात आणि एन्झाइम तसंच अडकून राहतं. थोडं एनएडी ते जास्तीचे इलेक्ट्रॉन काढून घेतं.

एफएडीच्या बाबतीत एक गोष्ट इतके दिवस लक्षात आली नव्हती. आपण शिकतो की इलेक्ट्रॉन एनएडीएचकडून फ्लेविनकडे जातात. इथे उलट, फ्लेविनकडून एनएडीकडे. मोकळ्या एफएडीचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या क्षमतेचं माप) साधारण उणे 0.22 व्होल्ट, एनएडीचं उणे 0.32. मोकळ्या अवस्थेत हा प्रवास चढाचा. ई3 च्या कुशीत बसलेल्या फ्लेविनचं विभव प्रथिनाने बदललेलं असतं, म्हणून तो जमतो. लिपोइलचं विभव उणे 0.29, म्हणजे एनएडीच्या अगदी जवळ. रिॲक्शन दोन्हीकडे सहज कलू शकते आणि एनएडीएच साचलं की उलटी येते. हे पुढे लागणार आहे.

20 ऑगस्ट

आज फक्त वाचन, लिपोइलवर. मोकळं लिपोइक ॲसिड घालून काहीच का झालं नाही?

लिपोइल ई2 च्या एका लायसिनला पक्क्या ॲमाइड बंधाने जोडलेलं असतं. लायसिनची बाजूची साखळी आणि लिपोइलची साखळी मिळून साधारण 14 अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) हात होतो. पूर्वी समजूत होती की हा हातच ई1 पासून ई3 पर्यंत झुलतो. पण संकुलाचा व्यास 450 अँगस्ट्रॉमच्या आसपास असताना 14 अँगस्ट्रॉमने काय होणार? केंब्रिजच्या रिचर्ड पेरहॅम आणि सहकाऱ्यांनी एनएमआर वापरून दाखवलं की लांबचा प्रवास त्या सैल दुव्यांवर टांगलेलं अख्खं डोमेन करतं. हात फक्त शेवटचं अंतर कापतो, ॲक्टिव्ह साइटच्या खोल बोळात शिरण्यापुरतं.

दुसरी गोष्ट आणखी ठाशीव. ई. कोलायच्या ई1 ला मोकळं लिपोॲमाइड दिलं आणि डोमेनवर बसलेलं लिपोइल दिलं, तर दुसऱ्याच्या बाबतीत कार्यक्षमता सुमारे दहा हजार पटीने जास्त निघते. ई1 गंधकाचं कडं ओळखतं, त्याहून जास्त ते ज्या प्रथिनावर बसलंय ते प्रथिन ओळखतं. आमचं बाटलीतलं लिपोइक ॲसिड क्युव्हेटमध्ये नुसतं तरंगत होतं.

ई. कोलायच्या ई2 वर तीन लिपोइल डोमेनं असतात, माणसात दोन, यीस्टमध्ये एक. 1985 मध्ये ई. कोलायची दोन डोमेनं जनुकातूनच उडवून पाहिली, तरी संकुल जवळजवळ तितकंच चाललं.

हा रेणू हाती कसा लागला तेही वाचलं. 1951 मध्ये टेक्सासमध्ये लेस्टर रीड यांनी सुमारे 10 टन यकृताच्या चोथ्यातून 30 मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. आम्ही तीन हृदयांवर कुरकुर करतोय.

23 ऑगस्ट

बंद करण्याचा प्रयोग. पेलेटमध्ये मॅग्नेशियम आणि एटीपी घालून ठेवलं, ठरावीक वेळाने थोडा भाग उचलून चाचणी केली. वेग मिनिटागणिक घटत गेला. बाहेरून कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) घातलं नव्हतं. ते ई2 च्या लिपोइल डोमेनला धरूनच असतं आणि पीईजीने खाली बसताना संकुलाबरोबर येतं. ते ई1 च्या ठरावीक सेरिनांना फॉस्फेट लावतं. हे सेरिन ई1 च्या ॲक्टिव्ह साइटच्या तोंडाशी असलेल्या वळणांवर आहेत. फॉस्फेट बसलं की वळणं विस्कळीत होतात आणि लिपोइल डोमेनला नीट टेकता येत नाही.

समांतर नळीत डायक्लोरोॲसिटेट घातलं होतं. तिथे घसरण बरीच मंद. ते पायरुव्हेटसारखं दिसतं आणि कायनेजला अडवतं. पायरुव्हेट भरपूर असेल तर हे दार बंद करण्यात अर्थ नाही, ही पेशीची सूचनाच ते नक्कल करून देतं.

आता 14 तारखेचा धागा. पेशीत एनएडीएच आणि ॲसिटिल को-ए साचले की कायनेज जोरात येतं. पण कायनेजला ते कळतं कसं? लिपोइलमार्फत. एनएडीएच ई3 मधून उलट येऊन लिपोइलचं कडं उघडतं, ॲसिटिल को-ए त्यावर ॲसिटिल परत ठेवतं, आणि अशा भरलेल्या लिपोइल डोमेनला धरून बसलेलं कायनेज चेतवलं जातं. तोच हात माल वाहतो आणि गोदाम भरल्याची वर्दीही देतो. चरबी जाळणाऱ्या उपाशी बोकडाच्या हृदयात हेच झालं असणार, शिवाय उपासात पीडीके4 नावाचं कायनेज वाढतं ते वेगळंच.

जोडीदाराचा आक्षेप: "एटीपीने मॅग्नेशियम पकडून ठेवलं असेल, किंवा ई3 बिघडलं असेल. कायनेजच कशावरून?" रास्त आहे.

29 ऑगस्ट

आक्षेपाचं उत्तर पेलेटमध्येच मिळालं. अल्फा-कीटोग्लुटारेट डीहायड्रोजनेज हे भावंड-संकुलही तितकंच अवाढव्य, तेही पीईजीने खाली बसतं. त्याचे पाचही को-फॅक्टर तेच, आणि ई3 तर अगदी तेच प्रथिन. त्याला हे कायनेज मात्र हात लावत नाही.

एटीपीत ठेवलेल्या नमुन्याचे दोन भाग केले. एकाला पायरुव्हेट, दुसऱ्याला कीटोग्लुटारेट. पायरुव्हेटची रेघ जेमतेम हलली, कीटोग्लुटारेटची जवळपास मूळ वेगानेच चढली. ई3 ठीक, मॅग्नेशियम पुरेसं, को-फॅक्टर हजर. अडथळा पायरुव्हेटच्या ई1 वरच.

सगळ्या प्रकल्पात हा प्रयोग मला सर्वात आवडला. आणि तो जोडीदाराच्या शंकेतून निघाला, हे अहवालात तसंच लिहिणार आहे.

5 सप्टेंबर

गणपतीची सुट्टी लागायच्या आत पेलेटच्या नळ्यांवर नावं-तारखा घालून फ्रीजर लावून घेतला. लाईट गेली तर जनरेटरवर घ्या म्हणून काकांना सांगितलं.

18 सप्टेंबर

अहवालाचा 'महत्त्व' हा भाग. इथे सगळे जण जीवनसत्त्वांचा तक्ता टाकतात. आम्ही वेगळा प्रश्न घेतला: एकेक को-फॅक्टर गेला तर माणसात काय दिसतं?

थायामिन गेलं की ते पहिल्यांदा इथेच दिसतं. शरीरातला साठा थोडाच, काही आठवड्यांचा. 1930 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या, मान मागे वळलेल्या कबुतरांच्या मेंदूत लॅक्टेट साचलेलं पाहिलं. त्याच मेंदूच्या ऊतीला काचपात्रात थायामिन दिल्यावर तिचं ऑक्सिजन घेणं सुधारलं. पेशी मेलेल्या नव्हत्या, एक रासायनिक पायरी अडली होती. अमेरिकेत 1997 च्या सुमारास शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटामिनचा तुटवडा पडला, तेव्हा फक्त शिरेतून पोषण मिळणाऱ्या काही रुग्णांना तीव्र लॅक्टिक ॲसिडोसिस झाला, म्हणजे लॅक्टेट साचून रक्त आम्लधर्मी झालं. इस्रायलमध्ये 2003 साली थायामिन नसलेल्या सोया-दुधावरची बाळं आजारी पडली, काही दगावली. कुपोषित किंवा दारूच्या आहारी गेलेल्या रुग्णाला ग्लुकोजच्या आधी थायामिन द्या, हा वॉर्डातला नियम याच पायरीवरून आला. पुढचा रस्ता बंद असताना मागून पायरुव्हेट लोटायचं नाही.

लिपोइलवर घाला घालतं आर्सेनिक. त्याचे त्रिसंयुजी रूपातले रेणू शेजारी-शेजारी असलेल्या दोन मोकळ्या गंधकांना एकदम पकडतात, आणि उघडलेल्या लिपोइलवर नेमकी अशी जोडी असते. पीटर्स यांच्याच गटाने दुसऱ्या महायुद्धात लुइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा शोधला, तो दोन गंधकांचाच रेणू: डायमरकॅप्रॉल. आर्सेनाइटचा प्रयोग करू का, असं आम्ही विचारलं होतं. मॅडमनी मान वर न करता "नाही" म्हटलं.

तांब्याची गोष्ट अगदी अलीकडची. जादा तांबं लिपोइल बसलेल्या प्रथिनांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतं आणि पेशी मरते, असं 2022 मध्ये दाखवण्यात आलं. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस या यकृताच्या आजारात रुग्णांच्या रक्तात सापडणारी प्रतिपिंडंही बहुतांशी याच ई2 च्या लिपोइल डोमेनवर चालून जातात. एवढासा हात, आणि त्याच्या वाटेला एवढी दुखणी.

एनएडीच्या बाबतीत चित्र पसरट. एनएडी ज्या जीवनसत्त्वापासून होतं ते नायसिन कमी पडलं तर एनएडी वापरणारी शेकडो एन्झाइमं एकदम लंगडतात, म्हणून पेलाग्रात (नायसिनच्या कमतरतेच्या आजारात) नेमकं या संकुलाचं बिघडणं वेगळं दिसत नाही. तरी आपल्याकडच्या वाचकासाठी एक परिच्छेद ठेवला. हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्यांमधल्या पेलाग्राचा संबंध ज्वारीतल्या जादा ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडला होता. त्यावर नंतर बराच वाद झाला. भाकरीबरोबर डाळ-दूध असलेल्या ताटाला यात घाबरण्यासारखं काही नाही.

को-ए ज्यापासून होतं ते पँटोथेनिक ॲसिड जवळपास सगळ्या अन्नात असतं, त्याची एकट्याची कमतरता क्वचितच. एका वाक्यात संपवलं.

25 सप्टेंबर

तक्ता पुन्हा काढला. जीवनसत्त्वांचा स्तंभ शेवटी गेला. पहिला स्तंभ 'कसा बांधलेला': लिपोइल पक्क्या बंधाने, एफएडी घट्ट पण बंधाविना, टीपीपी मॅग्नेशियमच्या आधाराने, को-ए आणि एनएडी मोकळे. दुसरा 'वगळल्यावर आमच्या क्युव्हेटमध्ये काय झालं'. तिसरा 'फेरीच्या शेवटी कुठे असतो'. हे भरताना दिसलं की पहिल्या स्तंभावरून बाकीचे दोन जवळपास आपोआप लिहिता येतात.

3 ऑक्टोबर

सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या सरांनी एनएडीएचची मोजणी, ब्लँक, पीईजी यांवर नेहमीचं विचारलं. मग म्हणाले, "मधुमेहाच्या रुग्णांना पायांच्या मुंग्यांसाठी अल्फा-लिपोइक ॲसिडच्या गोळ्या देतात. त्या या संकुलात जाऊन बसतात का?"

जोडीदाराने उत्तर दिलं. आपल्या पेशी ई2 वरचं लिपोइल तयार गोळीतून घेत नाहीत. मायटोकॉन्ड्रियात आठ कार्बनांची साखळी आधी प्रथिनावर बसवली जाते आणि मग लिपोइल सिंथेज नावाचं एन्झाइम स्वतःच्या लोह-गंधक गुच्छातले गंधक काढून तिच्यात घालतं. हे एन्झाइम जन्मजात बिघडलेल्या बाळांना तोंडाने लिपोइक ॲसिड देऊन संकुल पूर्ववत होत नाही. गोळीचा मुंग्यांवर उपयोग होत असेल तर तो दुसऱ्या मार्गाने.

सरांनी विचारलं, "मग ते एन्झाइम स्वतःचाच गुच्छ मोडून दर वेळी कामाला परत कसं येतं?" यावर आम्ही दोघी गप्प. मॅडमनी लोह-गंधक गुच्छ पुन्हा बसवणाऱ्या प्रथिनांवरचे दोन लेख आजच पाठवलेत. पुढच्या सत्राचा सेमिनार त्यावर घ्यायचा विचार आहे.